सायकल मागच्या चाकावर टिकवायची तर आधी मागचा ब्रेक शिका

आर्वीकडच्या एका भावाने विचारलं आहे. वय ३१, घरची शेती. दिवाळीत २१ गिअरची सायकल घेतली आणि वावरातून आल्यावर रोज संध्याकाळी व्हीलीचा, म्हणजे पुढचं चाक उचलून नुसत्या मागच्या चाकावर सायकल चालवण्याचा, सराव करतात. पुढचं चाक उचलतं, एक-दोन पायडल जातात आणि चाक धपकन खाली येतं. व्हिडिओत सांगतात की हँडल जोरात ओढा. ओढून ओढून खांदे भरून आले, कंबर धरली. ताकद कमी पडते का, हा पहिला प्रश्न. आणि दहावीतला भाचा मागे लागला आहे, त्याच्या साध्या सायकलवर त्याला हे शिकवता येईल का, हा दुसरा.

भाऊ, १६ लिटरचा फवारणीचा पंप पाठीवर घेऊन दिवसभर कपाशीत फिरणाऱ्या माणसाला सायकलचं पुढचं चाक उचलायला ताकद कमी पडेल, हे मला पटत नाही. माझं यवतमाळ जिल्ह्यात सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि बऱ्याच वर्षांपासून गावातल्या पोट्ट्यांना मी आखरावर, म्हणजे गावाजवळच्या गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, हे शिकवतो. तुमच्यासारखी तक्रार घेऊन जे येतात, त्यांच्यापैकी बहुतेकांचं एकच असतं. चाक ज्या उंचीवर टिकतं, त्या उंचीपर्यंत ते एकदाही गेलेले नसतात. त्याच्या बरंच आधी अंग घाबरतं, माणूस नकळत पुढे वाकतो, पाय थांबतो आणि चाक खाली येतं. मग त्याला वाटतं जोर कमी पडला, म्हणून तो पुढच्या वेळी आणखी ओढतो.

हे नीट समजायला बंडीकडे बघा. बंडीत कापूस भरताना ओझं आसाच्या पुढे जास्त झालं की जू बैलांच्या मानेवर दाबतं, मागे जास्त झालं की बंडी उलाळ होते आणि जू वर उचलतं. चांगला भरणारा माणूस ओझं आसावर असं बसवतो, की जू एका हाताने वर-खाली करता यावं. सायकलवर ते ओझं म्हणजे तुम्ही. सीटवर बसलेल्या माणसाचं वजन मागच्या आसाच्या बरंच पुढे पडतं. पुढचं चाक जसजसं वर जातं, तसतसं ते वजन मागे सरकत आसाच्या वर येतं. ते बरोबर आसावर आलं की हाताला काहीच ओढावं लागत नाही. त्याच्या खाली तुम्ही जितका वेळ राहाल, तितका वेळ चाक खाली यायलाच बघणार, मग दंड कितीही मजबूत असोत.

आणि ही टिकण्याची जागा लोकांना वाटते त्यापेक्षा खूप वर असते. बाजूला उभ्या माणसाच्या गुडघ्याच्या वर पुढच्या चाकाचं खालचं टोक यायला हवं. नवशिक्याचं चाक वीतभर उचललेलं असतं आणि त्याला वाटतं आपण आकाशात गेलो. भाच्याला बाजूने मोबाइलवर एक व्हिडिओ काढायला सांगा. मोबाइल जमिनीपासून फूटभर उंचीवर, आडवा, दोन्ही चाकं दिसतील असा. बघितल्यावर तुमचं तुम्हालाच कळेल.

तेव्हा खरा प्रश्न मागे पडण्याच्या भीतीचा आहे. ही भीती योग्यच आहे, कारण टिकण्याच्या जागेच्या पलीकडे सायकल खरोखर मागे उलटते. ती समजूत घालून जात नाही. मागचा ब्रेक जरासा दाबला की पुढचं चाक खाली येतंच येतं, हे बोटाला शंभरदा अनुभवून पटलं की जाते. म्हणून माझ्याकडे येणाऱ्याला मी चाक टिकवायला नंतर शिकवतो, खाली आणायला आधी.

ब्रेकने हे का होतं ते सांगतो, कारण कारण कळलं की बोट लवकर शिकतं. पायडल मारता तेव्हा मागचं चाक तुमच्या खालून पुढे पळतं, तुम्ही मागे राहता, म्हणून पुढचा भाग वर जातो. मागचा ब्रेक दाबता तेव्हा खालचं चाक अडतं, तुमचं अंग मात्र आधीच्या वेगाने पुढे जातं, म्हणून पुढचा भाग खाली येतो. मागच्या चाकावर चालवणं म्हणजे या दोघांची सतत देवाणघेवाण. खाली यायला लागलं की पायडल, जास्त वर गेलं की ब्रेक. ज्याला फक्त पायडल येतं, त्याच्याकडे अर्धीच विद्या आहे आणि त्याच्या अंगाला ते ठाऊक असतं, म्हणूनच ते वर जाऊ देत नाही. पुढच्या ब्रेकचा इथे काही उपयोग नाही, ते चाक हवेत आहे. कोणता लिव्हर मागचा, हे अंदाजाने ठरवू नका. आपल्याकडे येणाऱ्या सायकलींमध्ये डावं-उजवं सगळीकडे सारखं नसतं. सायकल हाताने ढकला, एक लिव्हर दाबा आणि कोणतं चाक अडतं ते बघा.

आता सायकलची तयारी. याच्यावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण दुकानात मोडून आलेली सायकल आणि फुटलेला गुडघा दोन्ही मी बघतो.

पुढच्या चाकाचे नट आधी तपासा. गिअरच्या सायकलीत कधी कधी नटांऐवजी पटकन उघडणारी दांडी असते. जे असेल ते घट्ट हवं. जमिनीवर चाक ढिलं असलं तरी वजनामुळे जागेवर बसून राहतं. हवेत उचललं की ते फोर्कमधून निसटू शकतं, आणि मग तुम्ही टेकता ते नुसत्या फोर्कवर. नंतर हँडलचा बोल्ट. पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल फिरवून बघा, हलता कामा नये. मागच्या ब्रेकच्या रबराच्या गोट्या रिमला पूर्ण टेकतात का, मधे तेल-चिखल आहे का, हेही बघा. चेनला तेल देताना रिमवर उडवणारे लोक फार आहेत. चाकात आऊट असेल, म्हणजे फिरताना रिम डावी-उजवीकडे लचकत असेल, तर ब्रेक एका जागी पकडतो आणि एका जागी सोडतो, अशा ब्रेकवर हे शिकताच येत नाही. आऊट काढून घ्या, फार खर्च नाही. लिव्हर एका बोटाने, अर्ध्या ओढीत पकडला पाहिजे. फ्रीव्हील घसरत असेल, म्हणजे जोर दिल्यावर कट्‌कन आवाज होऊन पायडल रिकामं फिरत असेल, तर ते बदलल्याशिवाय सराव करू नका. पूर्ण जोराच्या क्षणी ते घसरलं तर मार थेट दांड्यावर बसतो.

कॅरिअर, मागचं मडगार्ड आणि स्टँड काढून ठेवा. मागे उतरताना पाय कॅरिअरमध्ये अडकतो आणि जिथे उभं राहायचं तिथे माणूस बसतो. सीट नेहमीपेक्षा दोन-तीन बोटं खाली घ्या. टायरवर हवेची जी मर्यादा छापलेली असते तिच्या आत, पण खालच्या टोकाकडे हवा ठेवा. दगडासारखं टणक टायर उडतं, किंचित मऊ टायर जमीन धरतं. पायात चपला नकोत, बूट हवेत. हेल्मेट हवंच, मोटरसायकलचं जड हेल्मेट मात्र नको. त्याने मान अवघडते, सायकलचं हलकं मिळतं ते घ्या.

गिअरचं गणित अनेकांचं इथेच चुकतं. तुमच्या सायकलला पुढे तीन आणि मागे सात चकत्या असणार. पुढची मधली घ्या आणि मागची मोठ्यांपैकी, पण सगळ्यात मोठी नाही. समजा पुढे ३४ दात, मागे २४. २६ इंची चाकाला पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे तीन मीटर जाते. सेकंदाला एक फेरा धरला तर वेग चालत्या माणसाच्या दुपटीच्या आसपास येतो. इतका वेग बरा, बाजूचा तोल त्यात सांभाळता येतो. सगळ्यात हलका गिअर टाकला तर चाक झटकन उचलतं, पण एका क्षणात पाय संपतो आणि पुढे मारायला काही उरत नाही. जड गिअर टाकला तर उचलतच नाही, मग हात ओढायला लागतात आणि कंबर धरते. तुमची कंबर धरली आहे, त्यामुळे मला आधी तुमच्या गिअरचीच शंका येते.

जागा. डांबरी रस्ता नको, वर्दळीचा तर मुळीच नको. उन्हाळ्यातलं काळ्या मातीचं वावरही नको. भेगांमध्ये चाक अडकतं, आणि सराटे व बाभळीचे काटे दर दोन दिवसांनी पंक्चर करतात. पावसाळ्यात तीच माती टायरला आणि ब्रेकला चिकटून चाक फिरू देत नाही, शिवाय ओल्या रिमवर ब्रेक उशिरा लागतो. जिचा सगळा भरवसा ब्रेकवर आहे ती गोष्ट ओल्या ब्रेकवर शिकू नये. सुट्या मुरुमावर मागचं चाक पायडलच्या जोराने गरगर फिरतं. मला सगळ्यात आवडते ती दाबून बसलेली, थोडं गवत असलेली, अगदी हलक्या चढाची जमीन. आमच्याकडे आखर तसं आहे. भंडारा-गोंदियाकडचे लोक तलावाच्या पाळीखालचा हलका उतार वापरू शकतील, पाण्याच्या विरुद्ध बाजूचा. चढाचा फायदा असा, की सायकल आधीच थोडी मागे कललेली असते, वेग आपोआप आवरलेला राहतो आणि पायाला काहीतरी जोर लागत असतो. चढ डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकाच हवा.

पोळ्यानंतर पाऊस ओसरला की होळीपर्यंतचा काळ आपल्याकडे यासाठी उत्तम. मे महिन्यात दुपारीच काय, संध्याकाळी सहालासुद्धा जमीन भाजत असते. तेव्हा करायचं तर सूर्य वर यायच्या आत. तुम्ही दिवसभर राबून संध्याकाळी सराव करता, तेही बदलून बघा. थकलेलं बोट ब्रेक उशिरा दाबतं. सकाळी वीस मिनिटं पुरेशी आहेत. रविवारी तीन तास करून सहा दिवस कंबर शेकण्यापेक्षा ते कितीतरी बरं. आणि आत्ता कंबर दुखते आहे ती आधी पूर्ण बरी होऊ द्या. दुखणं पायात उतरत असेल किंवा पायाला मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना दाखवा, तोवर सायकल उचलूच नका.

आता प्रत्यक्ष सराव. पहिलं काम मागे उतरण्याचं. चालण्याच्या वेगात या, पुढचं चाक उचला, ब्रेक दाबू नका, सायकल मागे जाऊ द्या आणि दोन्ही पाय खाली टाकून सायकलच्या मागे उभे राहा, हँडल हातात धरूनच. ऐकायला भयंकर वाटतं, पण इतक्या कमी वेगात ते नुसतं सायकलवरून मागे पाऊल टाकणं असतं. हे आठ-दहा वेळा नीट झालं की ‘उलटलो तर काय’ याचं उत्तर अंगाला मिळालेलं असतं. बहुतेक लोक हा भाग वगळतात, कारण यात दाखवण्यासारखं काही नाही.

दुसरं काम, उचला आणि ब्रेकने पाडा. एक बोट सतत मागच्या ब्रेकवर, बाकीची बोटं मुठीवर. चाक उचला, शक्य तितकं वर जाऊ द्या आणि बोट दाबा. चाक आपटलं पाहिजे. मुद्दाम आपटू द्या. एकही पायडल जास्त मारायचा प्रयत्न करू नका, टिकवायचं मनातही आणू नका. हेच आणि एवढंच, चार-सहा दिवस. दर दिवशी आदल्या दिवसापेक्षा थोडं वर जाऊन पाडायचं. एखाद्या सकाळी तुमच्या लक्षात येईल की बोट विचारायच्या आधीच दाबलं जातं. ते झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, ही माझी एकमेव सक्तीची अट आहे.

उचलण्याची रीत अशी. सीटवरच बसा. जो पाय जोराचा, त्याचं पायडल पुढे आणि वर, घड्याळात दीड वाजता तास-काटा असतो त्या जागी. कोपरं वाकवून छाती जराशी हँडलकडे न्या. मग एकाच क्षणी तीन गोष्टी: ते पायडल दाबा, पाठ सरळ करत मागे जा, हात ताठ होऊ द्या. हात ताठ होतात तेव्हा हँडल तुमच्या अंगाच्या वजनाने ओढलं जातं, दंडाच्या जोराने नाही. कोपरं वाकलेली राहिली तर तुम्ही दंडाने ओढताय. पहिला जोर दिल्यावर पाय थांबवू नका, दुसरं पायडल लगेच त्याच लयीत आलं पाहिजे. तुमचं चाक दोन पायडलवर पडतं, त्यात एक भाग याचाही असणार. बहुतेक लोक पहिला झटका देऊन वाट बघतात. नजर पुढच्या चाकावर नको, समोरच्या एखाद्या झाडाच्या शेंड्यावर ठेवा. खाली बघितलं की मान झुकते, मानेमागे छाती झुकते आणि वजन पुढे येतं.

इथपर्यंतचं थोडक्यात: जोर हातातून काढून पाठीत आणि पायात घ्या, गिअर मधला ठेवा, चाक भीती वाटेल त्याच्याही वर जाऊ द्या, आणि हे सगळं ब्रेकवरचं बोट तयार झाल्यावरच.

यानंतर बाजूचा तोल येतो. तो आधी शिकवायच्या फंदात मी पडत नाही. पुढचं चाक हवेत असल्यावर हँडल वळवून सायकल नेहमीसारखी सांभाळता येत नाही. डावीकडे जायला लागली तर उजवा गुडघा बाहेर काढा आणि हँडल किंचित उजवीकडे न्या. उजवीकडे गेली तर उलट. पण नवशिक्यांची सायकल दर वेळी एकाच बाजूला जात असेल तर कारण बहुधा उचलण्यातच असतं. एक हात जास्त ओढतो, किंवा सीटवर माणूस तिरका बसलेला असतो. आधी ते सरळ करा, अर्धा त्रास तिथेच संपतो. फारच बाजूला गेली तर ब्रेक दाबून चाक खाली आणा, मात्र खाली टेकताना हँडल सरळ हवं. वाकड्या हँडलवर टेकलं की माणूस पुढे फेकला जातो. मी पाहिलेल्या जखमांपैकी मागे पडून झालेल्या थोड्याच आहेत, वाकडं चाक टेकून झालेल्या जास्त.

किती दिवस लागतील, हे खरंच माणसावर आणि सायकलवर अवलंबून आहे. मागचं चाक सीटखाली जितकं आत, तितकी सायकल लवकर उचलते. मागे लांब असलेली, मोठ्या चाकांची सायकल उचलायला जड, पण उचलल्यावर शांत चालते. पुढे शॉकअप असेल तर पहिला जोर त्यात थोडा मुरतो. उंच माणसाला वजन मागे नेणं सोपं जातं. वजनदार माणसाला अवघडच जातं असं नाही. माझ्याकडे सगळ्यात लवकर शिकलेल्यांत काही मुली आहेत. त्या पहिल्या दिवसापासून ओढाओढी करत नाहीत, सांगितलं तेवढंच करतात, आणि ब्रेकचा सराव कंटाळा न करता पुरा करतात. ३१ हे वय आड येत नाही. हाडं भरायला पोरांपेक्षा वेळ जास्त लागतो, एवढं लक्षात ठेवून घाई करू नका.

व्हिडिओत काही जण पायडल न मारता, उभं राहून, कंबर मागे टाकून चालवतात, ते मॅन्युअल. ती वेगळी गोष्ट आहे. बीएमएक्स, म्हणजे छोट्या चाकांच्या सायकलींची शर्यत, २००८ च्या बीजिंगपासून ऑलिम्पिकमध्ये आहे, तिच्यातले खेळाडू उंचवट्यांवरून असेच जातात. त्यात चाक वर ठेवायला पायडल नाही, सगळं कंबरेवर. तुमच्या कंबरेची आजची अवस्था बघता, व्हीली घट्ट झाल्यावरच तिकडे वळा.

आता भाचा. साध्या काळ्या सायकलला पुढे साधारण ४४ दात आणि मागे १८ असतात, चाक २८ इंची. एका फेऱ्यात ती पाच मीटरच्या वर जाते, म्हणजे तुमच्या मधल्या गिअरपेक्षा खूप जड. त्यात ती लांब आणि वजनदार, आणि सळईचे ब्रेक एका बोटाने हळुवार दाबता येत नाहीत. पोरं त्यावर उचलतात, मी पाहिलं आहे, पण ओढून उचलतात आणि ब्रेकशिवाय चालवतात. त्यावर शिकलेली सवय नंतर मोडायला त्रास होतो. मागे मोठं फ्रीव्हील टाकून गिअर थोडा हलका होतो, पण ब्रेकचा प्रश्न राहतोच. शिवाय ती त्याची शाळेत जायची सायकल असेल. रोज आपटून आपटून पुढच्या बेअरिंगचे कप-कोन गेले, आरे तुटले, तर त्याची शाळा बुडेल. शाळेच्या सायकलवर मी कुणालाच शिकवत नाही, सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून मुलींना मिळालेल्या सायकलवर तर नाहीच.

त्याला तुमच्या सायकलवर शिकवा. सीट त्याच्या उंचीला खाली करा, हेल्मेट एकच असेल तर ज्याची पाळी त्याच्या डोक्यावर. त्याला आधी मागे उतरणं आणि ब्रेकने पाडणं, हेच करू द्या. तुम्ही बाजूला उभं राहून त्याच्या बोटाकडे बघा आणि तुमच्या पाळीला त्याने तुमच्याकडे बघावं. घरी मोटरसायकल असेल तर एक गोष्ट त्याला आजच स्पष्ट सांगा, की हे त्या गाडीवर करायचं नाही. तिचं वजन पाय टाकून सावरता येत नाही, ॲक्सिलरेटर घाबरलेल्या हाताने उलट जास्त पिळला जातो, आणि रस्त्यावर केलं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक वाहन चालवल्याचा गुन्हा होतो. दहावीतल्या पोराने तर ती गाडी रस्त्यावर आणायचीच नाही.

येत्या आठवड्यात गिअर बदला, कॅरिअर काढा, कंबरेला आराम द्या. मग सकाळची वीस मिनिटं फक्त ब्रेकने पाडण्याची. चाक किती वेळ टिकलं ते मोजू नका. किती वर गेल्यावर बोट दाबलं, तेवढं व्हिडिओत बघत जा.